काचेच्या विहिरीतला बहार

मनामा, बहारीन
ता. २ मार्च १९८७

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायाशी चिंधूचा दंडवत.

इकडे मी धडधाकट आहे, तिकडे तुम्ही पण असाल असं धरून पुढचं लिहून राहिलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुमची पत्रं उर्मिला वाचते अन् लिहिते, असं आईनं कळवलं. म्हणून अक्षर बरं काढून राहिलो. पाचवी नापास माणसाचं जेवढं निघते तेवढं.

तुम्ही बोलले होते, "एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत एका जागी, एका नोकरीवर टिकून दाखव, मग उर्मिलाचं बोलू." मागच्या साली पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून निघालो, तेव्हापासून एकाच मालकाकडे वायरमन आहे. सहा महिने झाले. याआधीच्या सात नोकऱ्या मिळून एवढे दिवस होत नाहीत.

आता अडचण ऐका. मालकानं बंगला बांधला. मधात गोल जिना, अन् जिन्याच्या पोटात काचेची विहीर. चेष्टा नाही करून राहिलो. दोन पुरुष खोल, अन् तोंड एवढं लहान का दोन माणसांनी हात पसरले तर कवेत येईल. त्यात समुद्राचं पाणी, मासे, अन् बुडापासून वरपर्यंत पोवळी. अंगठीतली नाही, जिवंत. झाडासारखी दिसतात, दगडासारखी लागतात अन् तोंड उघडून खातात. मलेही पटत नव्हतं.

या पोवळ्यांले ऊन लागते, उजेडावरच जगतात. विलायतेच्या साहेबानं वरून मोठे दिवे टांगले. वरची पोवळी खुश, बुडाशी अमावस्या. साहेब म्हणे विहिरीचा आकारच चुकला, अशा खोल भांड्यात उजेड उतरत नसते. अन् गेला विमानात बसून. मालक म्हणे आकार बदलणार नाही, माझा आजा समुद्रात बुडी मारून मोती काढे, खोल म्हणजे खोल. मग मल्याळी फोरमननं माझ्याकडे बोट दाखवलं, "हा वायरमन रिकामा आहे."

मालक उन्हाळाभर लंडनले चालला, ऑगस्टमध्ये येईल. बुडाची पोवळी जगलेली दिसली तर माझी नोकरी पक्की. मेली तर त्याच दिवशी घरचं तिकीट. पोळा आहे चोवीस ऑगस्टले. म्हणजे तुमची अट पुरी व्हायच्या तोंडाशी मी पांढुर्ण्याच्या टेसनवर ट्रंक घेऊन उभा दिसीन.

मामाजी, तुमचा जन्म विहिरीवर गेला. काही सुचत असेल तर कळवा.

तुमचा,
चिंधू

* * *

बोरगाव
ता. २० मार्च १९८७

चि. चिंधूस यशवंतरावांचा आशीर्वाद. (बाबा सांगतात तसंच लिहिते आहे. – उर्मिला)

पह्यली गोष्ट, मामाजी म्हणू नको. सोयरीक झाली नाही. दुसरी गोष्ट, खाणारा दगड मी साठ वर्षांत पाह्यला नाही. उन्हात टोपी घालत जा.

आता विहिरीचं. आपल्या विहिरीत बादली पडली तं आपण काय करतो? दिवा सोडतो का? आरसा घेतो, दुपारचं ऊन धरतो अन् बुडाशी फेकतो. बादली तं दिसतेच, तीन सालांआधी हरवलेली विळी बी दिसते. तुह्या मालकाच्या घरावर सूर्य उगवते का नाही? मंग दिवे कायले टांगता बे?

उर्मिलाची माय म्हणते, शेजारच्या जयवंताच्या पोरीले कडक मंगळ हाय, एक पोवळं पाठव. खाणारं नको म्हणते. उपाशी राहणारं पाठव.

संत्र्याले आंब्या बहाराची फळं वाटाण्याएवढी झाली. तब्येत सांभाळ.

यशवंतराव

ता.क. हे माझं आहे. बाबांनी तुमचं पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मी "उर्मिलाचं बोलू" हे शब्द गाळले, तर म्हणाले, "पोरगी मधातच चूप झाली, म्हणजे तिथं काहीतरी लिहून हाय." तेव्हा मला काही लिहायचं तर अगदी शेवटी लिहा. शेवटी मी खोकते आणि पत्र मिटते. – उ.

* * *

मनामा
ता. ८ एप्रिल १९८७

ती. मामाजी (आता कलमालेच सवय लागली, खोडत नाही),

तुमचं पत्र सोन्यासारखं निघालं. जिन्यावर काचेचा घुमट आहे. त्यातून ऊन येते, पण भिंतीवर पडते. म्हणजे फक्त वळवायचं होतं. फोरमनले आरसे मागतले तर म्हणे, मालकाले विचारल्याशिवाय काही नवीन आणायचं नाही. बरं, नवीन नको. घरातलेच काढले. न्हाणीघरातले चार, दिवाणखान्यातले दोन, अन् मालकीणबाईच्या कपाटाचं आरशाचं एक दार, पूर्ण.

पण सूर्य एका जागी बसत नाही, माझ्याच वळणाचा आहे. म्हणून सकाळी सातपासून पाचपर्यंत गच्चीवर बसून आरसे फिरवून राहिलो. डोक्यावर ओला दुपट्टा. पहिल्या दिवशी एक कवडसा चुकून शेजारच्या आवारात गेला. तिथं त्यांचा ड्रायव्हर गाडीच्या आरशात पाहून मिशी कोरून राहिला होता. त्याचे डोळे दिपले अन् अर्धी मिशी गेली. दोन दिवस तो मले गल्लीत शोधून राहिला होता. मग त्यानं उरलेली पण काढली अन् त्याच्या बायकोले आवडलं, म्हणून मिटलं.

बुड मात्र लख्ख उजळलं. मासे घाबरून कोपऱ्यात लपाले पाहतात, पण गोल विहिरीत कोपरा कुठून आणतील?

ता. १५ एप्रिल
पत्र टाकायचं राहून गेलं ते बरं झालं. मामाजी, बहार आला! बुडाची पोवळी तपकिरी होती, सहा दिवसांत पांढरी शुभ्र झाली. फांदी न् फांदी. अगदी आपल्या मळ्यासारखी. फोरमनले ओढत आणून दाखवलं. तो केरळचा, त्याले संत्र्याचं काय ठाऊक? म्हणे, हे चांगलं का वाईट? म्या म्हटलं, आमच्याकडे झाड पांढरं झालं म्हणजे पेढे वाटतात. त्यानं लगेच लंडनले फोन करून मालकाले सांगितलं, "फुलून राहिली."

फळ किती दिवसांत धरीन ते कळवा.

तुमचा चिंधू

उर्मिला, खोका आता. तुमच्यासाठी एक आरसा बाजूले ठेवला होता, लहान, मागं मोर काढलेला. तो पण गच्चीवर लावावा लागला. रागावू नका.

* * *

बोरगाव
ता. २ मे १९८७

चि. चिंधूस आशीर्वाद.

ऐकून छाती फुगली. सौंसरच्या बाजारात बगीचेवाले भगवंतराव भेटले. म्हणे, पाण्यात बहार? म्या म्हटलं, आमच्या चिंधूनं आणला. त्यांचा बगीचा दोन साल झाले फुलला नाही, तोंड एवढंसं झालं. उर्मिलाच्या मायनं साखर वाटली. ('आमच्या' हा शब्द खरंच घालू का, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "बोललो ते लिही." – उ.)

दुसऱ्या दिवशी, सकाळी
चिंधू, काल म्या खुशीत लिहिलं. आज बांधावर बसून इचार केला, अन् उर्मिलाले पुन्हा लिहाले बसवलं.

बहाराले ताण लागते. पाणी तोडा, झाड तहानेनं कोमेजू द्या, पानं गळू द्या, मंग फूल. तुही झाडं पाण्यात बुडून हायत. ताण दिला कवा? अन् चैतात कोणता आंब्या बहार? माह्या बांधावर डिंक्या रोग लागलेलं एक झाड होतं. मरायच्या साली असंच अवेळी पांढरं झालं, पान दिसू देये ना. म्या पाव्हण्यायले नेऊन नेऊन दाखवलं. पुढच्या साली चुलीत गेलं.

नवीन कलम लावलं तं आपण उघडं टाकतो का? भोवती कापसाच्या पऱ्हाट्यांचा मांडव करतो. मंग आठ-आठ दिवसानं एकेक पऱ्हाटी काढतो, तवा कुठं झाड उन्हाले ओळखते. तुही पोवळी महिनेन् महिने अंधारात. त्यायले तू एका दिवसात चैताचं ऊन दाखवलं. चूक माही बी हाय. आरसा सांगतला, मांडव सांगाचा राह्यला. पह्यले सावली कर. पत्र मिळते त्या मिनिटाले.

यशवंतराव

ता.क. वास येतो का? संत्र्याचा बहार अर्ध्या कोसावरून कळतो, तुम्ही वासाचं अक्षरही लिहिलं नाही. मी शाळेतल्या श्रीधर गुरुजींना विचारलं. त्यांनी पुस्तकात शोधलं, एवढंच सापडलं की पोवळ्याचं हाड पांढरं असतं. हाड दिसायला लागलं असेल तर वरचं कातडं उतरलंय की पारदर्शक झालंय, ते नीट बघा. जिवंत असेल तर अजून तोंड उघडत असेल. मोराच्या आरशाचं राहू द्या. – उ.

* * *

मनामा
ता. २० मे १९८७

ती. मामाजी,

तुमचं पत्र यायच्या चार दिवस आधीच माझी फुलं गळाली. म्हणजे फुलं नव्हतीच. दोन पोवळ्यांवर हिरवट शेवाळ चढलं, हात लावला तर कोरा दगड. फोरमननं पाहिलं अन् म्हणे, "तुमच्याकडे यावर पण पेढे वाटतात का?"

खरं लिहितो. त्या दिवशी म्या ट्रंक भरली. पासपोर्ट फोरमनच्या खणात असतात. त्यानं माझा काढून समोर टाकला, "घे, पळ. मालकाले मी सांगतो, पळाला म्हणून." त्यालेही त्यातच सोय होती, "फुलून राहिली" असा फोन त्यानंच केला होता. मी पासपोर्ट खिशात घालून जिन्यानं उतरून राहिलो. सात नोकऱ्या अशाच उतरलो. आठवी पण अर्धी उतरली होती.

बुडाशी आलो अन् उगीच एकदा काचेले नाक लावलं. एका पांढऱ्या पोवळ्यानं तोंड उघडलं. मुंगीएवढं. मग दुसऱ्यानं. उपाशी होती बिचारी. म्या पासपोर्ट परत खणात ठेवला अन् आरशांवर चादरी टाकल्या. चार दिवसांनी तुमचं पत्र आलं, तेव्हा कळलं का मांडव करायचा.

पऱ्हाट्या इथं कुठून आणू? कापूस उगवत नाही. मग मालकाच्या कपाटात पाहिलं. त्याचे पायघोळ पांढरे झगे, इस्तरी केलेले, बारा. ते घुमटावर एकावर एक अंथरले, कडेनं दोरीनं बांधले. बारा झगे म्हणजे सावली दाट. आता दहा-बारा दिवस असंच राहू देतो, मग दर सहाव्या दिवशी एक झगा काढीन. गल्लीतून पाहिलं तर वाटते, छपरावर बारा शेख उताणे पडून आहेत.

चौतीस पोवळ्यांपैकी नऊ गेली. पंचवीस पांढरी आहेत पण तोंड उघडतात. तुम्ही बाजारात 'आमचा चिंधू' म्हटलं ते आता कसं परत घ्याल, याचीच चिंता लागून राहिली.

तुमचा चिंधू

उर्मिला, जिन्यावरची गोष्ट त्यांना वाचून दाखवायची का नाही, तुम्ही ठरवा.

* * *

बोरगाव
ता. ७ जून १९८७

चि. चिंधूस आशीर्वाद.

उर्मिलानं सगळं वाचलं. जिन्याचं बी. मधात चूप झाली होती, पण मंग सोताच पुन्हा सुरू केलं.

बाजारात बोललेला शब्द परत घेता येत नसते. भगवंतरावाले सांगून देलं, बहार नव्हता, झाड आजारी होतं, पोरगं बसून हाय. तो हसला. हसू दे. त्याच्या बगीच्यात काय बसून हाय? गवत.

घाई करू नको. सहा दिवस म्हणजे सहा दिवस. पाचव्या दिवशी तुह्या हाताले खाज सुटीन, झगा काढावा वाटीन. तवा हात मांडीखाली दाबून बस. आरशायचा कवडसा बी पह्यले दुपार सोडून सकाळचाच घे. अन् नऊ गेली त्यायचा इचार नको. हजार कलमं लावली तं हजार कोणाची लागली?

यशवंतराव

ता.क. एक गोष्ट बाबांनी लिहायला सांगितली नाही. परवा मोहगावचं स्थळ येऊन गेलं. रवींद्र नाव, सौंसरला तहसीलमध्ये बाबू. नोकरी कायम. तासभर बसला, पण खुर्ची कुरकुरली नाही, एवढा स्थिर. बाबा म्हणाले, "हा टिकते." मी पोह्यांत मूठभर मीठ टाकलं होतं. त्यानं सगळे खाल्ले आणि पुन्हा मागितले. अशा माणसाचं काय करावं? बाबांनी त्यांना पोळ्यापर्यंत थांबायला सांगितलंय. पुढे एक दिवस नाही. तुमच्यासाठी शब्द दिलाय म्हणून बाबा थांबलेत, पण त्या खुर्चीकडे अधूनमधून बघतात. – उ.

* * *

मनामा
ता. ११ ऑगस्ट १९८७

ती. मामाजी,

मालक पाच तारखेले आला. कळवल्यापेक्षा आठवडाभर आधी. घुमटावर अजून एक झगा बाकी होता.

गाडीतून उतरला अन् पहिले वर पाहिलं. मग माझ्याकडे. त्याले हिंदी येते, त्याच्या बापाचा मोत्यांचा धंदा मुंबईले होता. म्हणे, "वो मेरा है?" म्या म्हटलं, "जी. बाकी अकरा धो के रख्खे." तिकडून मालकीणबाईची किंकाळी आली. ती कपाटासमोर उभी राहिली होती अन् तिले स्वतःच्या जागी नुसते कपडे दिसले. फोरमन माझ्या मागं होता तो माझ्यापासून दहा पावलं दूर झाला.

मालक सरळ जिन्याच्या बुडाशी गेला. मी मागं. अकरा वाजले होते, आठही आरसे लागलेले. मामाजी, काय सांगू. बुडाशी पिवळसर, जांभळट, हिरवी, मधातच एक गुलाबी. पंचवीसच्या पंचवीस रंगावर आली. ऊन पाण्यातून हलून राहिलं होतं अन् सगळी बोटं हलवून राहिली होती. मालक जिन्याच्या शेवटल्या पायरीवर बसला, नव्या सुटात. काचेले नाक लावलं. मग म्हणे, "मेरे दादा ऐसा बोलते थे. नीचे ऐसा है." अन् मले म्हणे, चहा घेऊन ये. दोन. दुसरा माझ्यासाठी होता.

नोकरी पक्की. मालकीणबाईचं दार परत लावून दिलं, नवीन आरसे आले. पोळ्याले अजून तेरा दिवस आहेत. हात मांडीखाली दाबून बसलो आहे.

आता नवीनच घोर. समजा तुम्ही हो म्हटलं, तर मले तिकडे यावं लागीन. फोरमन म्हणे, आरसे कोण फिरवील, तुले सोडणार नाही. म्या आजवर रजा कधी मागतली नाही. निघून यायचो. रजा मागतात कशी, काय लिहितात, मले ठाऊक नाही. इथं अर्ज इंग्रजीत लागते.

तुमचा चिंधू

* * *

बोरगाव
ता. २६ ऑगस्ट १९८७

चि. चिंधूस आशीर्वाद.

परवा पोळा झाला. बैल मिरवून आलो अन् ओट्यावर बसलो. उर्मिलाची माय म्हणे, काय ते बोलून टाका. म्या म्हटलं, टपाल येऊ द्या, पोट्टं चोवीस तारखेपर्यंत हाय का पळालं, कोणाले ठाऊक? काल तुही चिठ्ठी आली. त्याच्यावर अकरा तारीख. मंग म्या सांगतलं, पंचवीस दगडायसाठी जो हात दाबून बसला, तो तेरा दिवस आणखी बसते. मोहगाववाल्याले निरोप धाडला. तो म्हणे, बरं. बसूनच म्हणे.

लग्नाले एकोणतीस नोव्हेंबरची तारीख काढली. आता मामाजी लिही, का अजून काही लिही.

रजा माग. पळून येऊन लग्नाले उभा राह्यला तं पोरगी देणार नाही.

यशवंतराव

ता.क. इंग्रजी अर्ज सोबत जोडला आहे. गुरुजींकडून तपासून घेतलाय. त्यात तुमचं नाव, रजेचे तीस दिवस, कारण 'स्वतःचे लग्न', आणि शेवटी एक ओळ आहे: रजा संपताच त्याच जागी, त्याच कामावर हजर होईन. न वाचता सही करू नका. ती ओळ मी लिहिताना पेन थांबलं होतं. – उ.

* * *

मनामा
ता. १४ सप्टेंबर १९८७

उर्मिला,

मामाजींना वेगळं पत्र टाकलं. हे तुमचं एकटीचं, यात खोकायचं काम नाही.

अर्ज मंजूर. मालकानं वाचला, हसला अन् सही केली. फोरमनले आरसे फिरवणं शिकवून राहिलो. त्याचा पहिला कवडसा त्याच्याच डोळ्यांत गेला. शिकेल.

पण शेवटची ओळ म्या फोरमनकडून तीनदा समजून घेतली. ती मालकासाठी होती, तुमच्यासाठी नव्हती. लग्न करून तीस दिवसांत परत यायचं, अन् तुम्ही तिथं. मालकानं अजून एक वर्ष म्हटलं आहे. मग तुम्हाले पण विचारलं पाहिजे. अर्ज कसा असते ते आता ठाऊक झालं, म्हणून लिहितो.

प्रति, उर्मिला, बोरगाव.
विषय: लग्नानंतर एक वर्ष घराबाहेर राहण्याची रजा.
कारण: नोकरी.
अर्जदार आजवर कोणाले विचारून गेला नाही. या वेळी विचारून राहिला.
चिंधू (सही)

* * *

पोस्टकार्ड. बोरगाव
ता. १ ऑक्टोबर १९८७

श्री. चिंधू यांस,

आपला दि. १४ चा अर्ज मिळाला. कारण अपुरे वाटते. तूर्त नामंजूर.

अर्जदाराने दि. २९ नोव्हेंबर रोजी मांडवात समक्ष हजर राहावे. त्यानंतर कारण सविस्तर ऐकून घेण्यात येईल, आणि ते पटेपर्यंत अर्जदारास जागा सोडता येणार नाही.

उर्मिला

(हे कार्ड गुरुजींनी वाचलं, पोस्टमन वाचेलच, बाबांनाही मीच मोठ्याने वाचून दाखवलं. कुठेही चूप झाले नाही.)